व्हिडिओ गेममधील वंश : चित्रापासून नियमापर्यंत

व्हिडिओ गेममधील वंशचित्रणाची चर्चा बहुधा पात्राच्या रंगरूपापाशी थांबते. पण गेम पाहिला जातो तसा खेळलाही जातो. खेळाडूला काय करता येते, कशाचे गुण मिळतात आणि शत्रू म्हणून समोर कोण उभे राहते, हे नियम ठरवतात. वंशाविषयीची गेमची भूमिका चित्राइतकीच या नियमांतून प्रकट होते.

सुरुवातीच्या काळात ठोकळेबाज प्रतिमांचाच सुळसुळाट होता. १९८२ च्या ‘कस्टर्स रिव्हेंज’मध्ये अमेरिकेतील मूलनिवासी स्त्रीवरचा लैंगिक अत्याचार हेच खेळाचे उद्दिष्ट होते, त्याविरुद्ध तीव्र निदर्शने झाली. पुढच्या गेममध्ये क्रौर्य ओसरले, साचे मात्र टिकले. निन्टेन्डोच्या ‘पंच-आउट’मध्ये भारतीय मुष्टियोद्धा फेटा बांधून जादू करतो. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मधील धालसिम गळ्यात कवट्या घालतो आणि तोंडातून आग ओकतो. एका देशासाठी एकच पात्र असले की ते पात्रच त्या देशाची ओळख बनते.

प्रतिनिधित्वाचा असमतोल २००९ मध्ये डमिट्री विल्यम्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून समोर आला. दीडशे लोकप्रिय गेममधील पात्रांची अमेरिकेच्या लोकसंख्येशी तुलना केल्यावर गोरे प्रौढ पुरुष प्रमाणाहून जास्त, तर लॅटिनो आणि मूलनिवासी फारच कमी आढळले.

त्याच वर्षी आलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल ५’ने संख्येपलीकडचा प्रश्न पुढे आणला. गोरा नायक आफ्रिकी गावातल्या जमावावर गोळ्या झाडतो, हे दृश्य आधीच्या जाहिरातफितीत दिसताच समीक्षक एन्गाय क्रोल यांनी त्यातल्या जुन्या वर्णद्वेषी प्रतिमांकडे लक्ष वेधले. प्रत्यक्ष गेममध्ये शेवा अलोमार ही आफ्रिकी सहकारी होती. मात्र जमाव मारत पुढे सरकण्याचा नियम तसाच राहिला.

चांगल्या हेतूलाही नियम दगा देऊ शकतो. ‘फ्रीडम क्राय’ (२०१३) कॅरिबियनमधील गुलामगिरीचा विषय गांभीर्याने हाताळतो; नायक अडेवाले स्वतः गुलामीतून सुटलेला आहे. पण मुक्त केलेल्या माणसांची संख्या वाढली की नवी साधने मिळतात, आणि खेळाडूच्या हिशेबात माणसे चलन होतात. ‘माफिया ३’ने (२०१६) नियमांचा अधिक जाणता वापर केला. १९६८ च्या काल्पनिक न्यू बोर्डो शहरात कृष्णवर्णीय लिंकन क्ले गोऱ्यांसाठी राखीव दुकानात रेंगाळला तर पोलिसांना बोलावले जाते. श्रीमंत वस्तीत पोलीस लगेच धावून येतात, गरीब कृष्णवर्णीय वस्तीत रेंगाळत. भेदभाव इथे संवादात सांगितला जात नाही, खेळाडूला सोसावा लागतो. मोहिमांचा तोचतोचपणा हा गेमचा दोष असला, तरी हे यश मोठे आहे.

कल्पित जगांत वंश वेगळ्या रूपात येतो. ‘स्कायरिम’मध्ये पात्राचा वंश निवडताच त्याची काही कौशल्ये वाढीव मिळतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील ट्रोल कॅरिबियन ढंगात बोलतात. जन्मावरून गुण ठरवणारी ही मांडणी निरुपद्रवी वाटते, पण वंशवादाचा पायाच तिथे आहे.

वंशभेद खेळाडूंमध्येही असतो. एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन सेवेवर नुसत्या आवाजावरून कृष्णवर्णीय खेळाडू ओळखून त्यांना शिवीगाळ कशी होत असे, हे संशोधक किशोना ग्रे यांनी दाखवले. ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’मध्ये (२०२५) सोळाव्या शतकातील आफ्रिकी योद्धा यासुके नायक झाल्यावर इतिहासाच्या अचूकतेवरून मोठे वादळ उठले. विल्यम ॲडम्स या इंग्रज खलाशाला जपानी योद्ध्यांच्या कथेचा नायक करणाऱ्या ‘नियोह’वर (२०१७) तसे वादळ उठले नव्हते. आक्षेप फक्त इतिहासाचा नव्हता, हे या फरकावरून दिसते.

बदलाचा भक्कम मार्ग निर्मितीतून जातो. ‘नेव्हर अलोन’ (२०१४) अलास्कातील इन्युपियात समाजातील कथाकारांच्या सहभागाने घडला. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ (२०२०) बनवला. ‘वेनबा’ (२०२३) कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाचे आयुष्य स्वयंपाकातून उलगडतो; आईच्या फाटक्या पाककृतिवहीतील गाळलेल्या जागा भरणे हाच इथला खेळ. या गेममध्ये संस्कृती सजावटीपुरती उरत नाही, कृतीत उतरते. पात्रांची विविधता आवश्यकच आहे. पण त्या पात्रांना गेम काय करू देतो, हे तपासल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही.