मज्जातंतूची इजा आणि मास्ट पेशी : काही आक्षेप

ज्वारीच्या काढणीत विळा मनगटावर बसून करंगळीच्या बाजूचा मज्जातंतू तुटला, तर वरची जखम पंधरा-वीस दिवसांत भरते. करंगळीची संवेदना मात्र परत आलेली नसते. टोके जुळवून टाके घातले तरी आतील अक्षतंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर इतक्याच गतीने वाढतात. करंगळीच्या अग्रापर्यंतचे अंतर १५० मिलिमीटर धरल्यास पाच महिने केवळ वाट पाहण्यात जातात. इजा कोपरापाशी असेल, तर पंजाच्या लहान स्नायूंपर्यंत पोहोचण्यास पाऊण वर्ष किंवा अधिक काळ लागतो; आणि वर्ष-दीड वर्ष मज्जातंतूवाचून राहिलेला स्नायू पुढे सहसा कामास येत नाही. परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावी, जेथे पकडीवर मजुरी अवलंबून असते, तेथे या वाढीचा वेग हा केवळ प्रयोगशाळेतील प्रश्न नव्हे. हा वेग वाढविणाऱ्या घटकांत अलीकडे मास्ट पेशींची गणना होऊ लागली आहे. ही गणना पुराव्याच्या पुढे धावते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मास्ट पेशींच्या बाबतीत घाईचा अर्थ नवा नाही. पाउल एर्लिख यांनी १८७८ च्या आपल्या प्रबंधात या कणयुक्त पेशींचे वर्णन केले, आणि त्या पोषणाने पुष्ट झालेल्या असाव्यात या समजुतीने त्यांचे नामकरण झाले. समजूत गेली, नाव राहिले. कणांत खरोखर काय साठविलेले असते हे कळण्यास बराच काळ जावा लागला. हिस्टामिनचे त्यांतील वास्तव्य रायली आणि वेस्ट यांनी १९५३ मध्ये दाखविले. हेपॅरिन, प्रथिने तोडणारी विकरे आणि इतर अनेक द्रव्ये त्या कणांत असतात, व इजा होताच ती बाहेर सांडतात.

तुटलेल्या मज्जातंतूच्या दूरच्या भागाचा ऱ्हास वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंवर दाखविला. अक्षतंतू विरतो, मेदावरण फुटते, भक्षकपेशी तो कचरा उचलतात, आणि श्वान पेशी (थिओडोर श्वान यांच्या नावावरून, मराठी वाचकाने भलता अर्थ घेऊ नये) नव्या तंतूसाठी वाट धरून ठेवतात. या घडामोडीत मास्ट पेशी उपस्थित असतात, याविषयी शंका नाही. एनरबॅक, ओल्सन आणि सौरँडर यांनी १९६५ मध्ये निरोगी व छेदलेल्या मज्जातंतूंतील मास्ट पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे ओल्सन यांनी इजेच्या जागी त्यांचे कण रिते होतात हेही नोंदविले. परंतु उपस्थिती म्हणजे कार्य नव्हे. आग विझविणारा आणि आग लावणारा, दोघेही घटनास्थळी सापडू शकतात.

कार्याविषयीचा अधिक भक्कम पुरावा वेदनेच्या बाजूचा आहे. झुओ, ट्रेसी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रॅटच्या मांडीतील मज्जातंतूला अंशतः गाठ मारून, मास्ट पेशींचे कण रिते होऊ न देणारे क्रोमोग्लायकेट दिले. तेव्हा इजेच्या जागी श्वेतपेशींचा भरणा कमी झाला आणि उष्णतेने होणारी अतिवेदनाही घटली. प्रयोग उत्तम आहे. तथापि क्रोमोग्लायकेटचा परिणाम इतर पेशींवरही होतो, हे ध्यानात ठेवावे लागते. आणि वेदना कमी झाली यावरून तंतू लवकर वाढला वा मंद वाढला, यांपैकी काहीच सिद्ध होत नाही.

पुनर्जननाचा पक्ष मुख्यतः एका अनुमानावर उभा आहे. मज्जातंतुवृद्धिकारक द्रव्य मास्ट पेशी स्वतः तयार करतात व सोडतात, हे लेऑन, लेवी-मोंताल्चिनी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखविले. हे द्रव्य मज्जातंतूंना पोसते. म्हणून मास्ट पेशी पुनर्जननास साह्य करतात, असे म्हटले जाते. या अनुमानात दोन जागी फट आहे. एक तर प्रौढ शरीरात या द्रव्याला प्रतिसाद देतात ते संवेदक तंतूंचा एक वर्ग आणि अनुकंपी तंतू. प्रेरक तंतू त्यावर अवलंबून नसतात, आणि आपल्या मजुराची पकड प्रेरक तंतूंवर आहे. दुसरे असे, की हेच द्रव्य वेदनेची तीव्रता वाढविते. म्हणजे उपकाराच्या खात्यात मांडलेली रक्कम अपकाराच्याही खात्यात दिसते.

मास्ट पेशीविरहित उंदरांवरील प्रयोगांचा दाखला दिला जातो, त्यालाही मर्यादा आहेत. (रॅट आणि माऊस या दोघांना आपण उंदीरच म्हणतो, येथे माऊस अभिप्रेत आहे.) असे जुने वाण किट या जनुकातील दोषामुळे मास्ट पेशींना मुकलेले असतात, पण तो दोष इतर रक्तपेशींनाही बाधतो. फायराबेंड व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये किट अबाधित ठेवून मास्ट पेशी नाहीशा केल्या, तेव्हा प्रतिपिंडजन्य संधिवात जसाच्या तसा झाला. जुन्या वाणातील एका प्रकारात तो होत नव्हता. संधिवाताबाबत जी फसगत झाली, ती मज्जातंतूबाबत झालेली नाही, हे दाखविण्याचे ओझे दावा करणाऱ्यावर आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचे स्वतंत्र क्षेत्र आहे ते कुष्ठरोगाचे. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईत या रोगाच्या प्रारंभिक अवस्थेचा सूक्ष्मदर्शी अभ्यास करून त्वचेतील मज्जातंतूंकडे लक्ष वेधले. कुष्ठरोगातील मास्ट पेशींच्या गणना पुढे अनेकांनी केल्या. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. याचे एक कारण तंत्रात असावे. टोलुइडिन निळ्याने रंगतात ते कण. रिती झालेली पेशी जागेवर असूनही त्या रंगाने ओळखू येत नाही, आणि गणनेत ती ‘कमी’ म्हणून जमा होते. शिवाय मज्जातंतू काढताना चिमट्याने दाबला, तरी कण रिते होतात. फॉर्मॅलिनमध्ये काही मास्ट पेशींची रंग घेण्याची शक्ती जाते, ती वेगळीच. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी निरोगी बाजूचा मज्जातंतू त्याच हाताने, त्याच चिमट्याने, तितक्याच वेळात काढून त्याचीही गणना करावी. कणांच्या रंगाबरोबर ट्रिप्टेझचे प्रतिपिंडाधारित रंजन करावे. आणि पेशींच्या संख्येशेजारी तंतू किती मिलिमीटर वाढला हा आकडा लिहावा. हा शेवटचा स्तंभ बहुतेक तक्त्यांत रिकामा असतो.