पाठदुखी, अल्ट्रासाऊंड आणि गायब असलेला तुलना-गट

'चिरफाड नाही, सुई नाही, ध्वनिलहरींनी जुनी पाठदुखी बरी!' असं काही वाचलंत की आधी विचारा: लहरी सोडल्या कुठे? कारण एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे उपचार खपतात.

पहिला उष्णतेचा. भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणावं तशा लहरी मणक्यांमागच्या छोट्या सांध्यांवर, म्हणजे फॅसेट जॉइंटवर, एकवटतात. हाड या लहरी मऊ ऊतींपेक्षा कितीतरी जास्त शोषतं, तापतं, आणि वेदना नेणाऱ्या बारीक नसा भाजून निकामी होतात. निदान कल्पना तरी तशी आहे. लंडनच्या एका गटाचा यावरचा पेपर 2012 मध्ये 'युरोपियन रेडिओलॉजी'त आला. शीर्षकातच 'केस सिरीज' लिहिलंय. प्रामाणिक माणसं! पण संदर्भ देताना आपणच तो शब्द गाळतो.

तुलना-गट नसला तर काय बिघडतं? पाठदुखी कधी चढते, कधी उतरते. माणूस दवाखान्यात येतो तो ती शिगेला पोचल्यावर. पुढच्या महिन्यात काहीही न करता आकडा थोडा उतरतोच. त्यात भलंमोठं यंत्र, आपुलकीने विचारपूस करणारे डॉक्टर... यातलं लहरींचं श्रेय किती, कसं काढणार? शिवाय मुळात दुखतंय ते त्याच सांध्यामुळे कशावरून? 2008 च्या 'स्पाइन'मधल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात सीटी स्कॅनवर दिसणारी फॅसेटची झीज आणि कंबरदुखी यांचा संबंध सापडला नव्हता.

दुसरा उपचार मेंदूवरचा. यात काही भाजत नाहीत. कमी तीव्रतेच्या लहरी अँटेरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्सवर सोडतात. यूटा विद्यापीठाच्या गटाने 2024 मध्ये 'पेन'मध्ये छापलेल्या चाचणीत जुनाट वेदनेचे 20 रुग्ण होते आणि प्रत्येकाला खरी व खोटी अशा दोन्ही पाळ्या मिळाल्या. पहिल्या दिवशी जाणवण्याइतका आराम खऱ्या पाळीत 60 टक्क्यांना, खोट्या पाळीत 15 टक्क्यांना. फरक दणदणीत आहे, आणि मला ही मांडणी पहिलीपेक्षा खूप आवडते. पण 20 जणांत एक माणूस म्हणजे 5 टक्के, हे विसरू नका. आणि दोन्ही पाळ्या एकाच माणसाला दिल्या की दोन अडचणी येतात: आधीच्या पाळीचा असर रेंगाळू शकतो, आणि खरी अनुभवलेल्याला खोटी ओळखू येऊ शकते.

म्हणून असा पेपर हातात आला की गोषवारा बाजूला ठेवा. दोन पाळ्यांत किती दिवसांचं अंतर होतं आणि 'तुम्हाला कुठली पाळी मिळाली असं वाटतं?' हे रुग्णांना विचारलं होतं का, ते आधी शोधा.