जेवण धरून की सोडून?

आपल्याकडे नाटकांवर परीक्षणे येतात, पुस्तकांवर येतात, आता तर मिसळीवरही येतात. पण 'जेवणासह प्रवेश' नावाची जी एक कलाकृती करमणुकीच्या उद्यानांच्या खिडकीवर विकली जाते, तिच्याकडे एकाही समीक्षकाचे लक्ष गेलेले नाही. वास्तविक नाटक वाईट निघाले तर माणूस मध्यंतरात उठून घरी जातो. जेवणासह प्रवेश घेतलेला माणूस उठू शकत नाही. त्याचा संध्याकाळचा चहा व्हायचा असतो. तेव्हा ही उणीव आपणच भरून काढावी, असे ठरवून मी हे परीक्षण लिहायला बसलो आहे. पात्रता विचाराल तर पदरचे पाचशे रुपये गमावून मी ती मिळवलेली आहे.

आम्ही भाईंदरला राहतो. पूर्वी भाईंदर म्हटले की लोकांना मिठागरे आठवायची. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले आणि आमच्या नातेवाइकांना एकदम आम्ही आठवू लागलो. "तुम्हाला काय, उत्तनवरून गेलं की आलंच!" असे म्हणत सोलापूर-सांगलीची माणसे सहकुटुंब उतरू लागली. १९९८ साली शेजारी वॉटर किंगडम झाले आणि पाहुण्यांच्या पिशवीत पोहायच्या चड्ड्यांची भर पडली. या सर्वांना आम्ही पोहोचवून आलो, पण स्वतः आत म्हणून कधी गेलो नाही. गेल्या मे महिन्यात नातवाने हट्ट धरला तेव्हा कुठे आमचा योग आला. आम्ही गेलो ते उद्यान मात्र या दोन्हींपैकी नव्हे. नाव सांगत नाही, कारण तक्रार उद्यानाबद्दल नसून बरीचशी आमच्याबद्दलच आहे.

मुलाने तिकिटांसाठी फोन लावला. पलीकडून प्रश्न आला, "विथ मील की विदाउट मील?" मुलाने फोनवर हात ठेवून आईकडे पाहिले. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि प्रश्नाचे मराठी केले, "अहो, जेवण धरून की सोडून?"

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. अष्टविनायकाच्या बसला तो असतो, लग्नाच्या हॉलला असतो. पण तिथे उत्तर वडीलधारे देऊन मोकळे होतात. आमच्याकडे लोकशाही असल्यामुळे वही निघाली. जेवण धरले तर मोठ्यांना माणशी सहाशे आणि लहानाला साडेचारशे जास्त. आम्ही पाच मोठे आणि एक लहान, म्हणजे ३४५० रुपये. त्यात सकाळचा नाश्ता, दुपारचे हवे तितके जेवण आणि संध्याकाळी चहा-वडा. हेच आत जाऊन सुटे घेतले तर नाश्ता माणशी १२०, जेवण मोठ्यांना ४५० व लहानाला ३००, चहा-वडा १००. सौ.ने बेरीज मांडली, ३८७० रुपये. चारशे वीस रुपयांचा निव्वळ फायदा! आमच्या घरात इतका फायदा एका दिवसात पूर्वी कधी झाला नव्हता.

"डबा नेला तर?" मी विचारले.

"बाबा, बाहेरचं आत नेऊ देत नाहीत," सून म्हणाली. तेही खरेच. सिनेमा थिएटरवाल्यांना बाहेरचे खाणे अडवता येते, पाणी मात्र फुकट द्यावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयानेच जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. थिएटराचे पाहून उद्यानही तेच करणार.

एवढा वेळ आई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिने मान वर न करता विचारले, "म्हणजे भात दिसायच्या आधी पैसे द्यायचे?"

आईचा हा प्रश्न धंदेवाईक होता, हे इथे सांगायला हवे. लालबागच्या चाळीत आमची एक खोली होती आणि त्या खोलीत आईची खानावळ होती. आठ मेंबर होते, सगळे कोकणातले, सगळे गिरणीत. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे आमच्या घरी भात कायम कुणाच्या तरी वाट्याचा झाकलेला असायचा. व्यवहार असा, की महिनाभर जेवायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे. कुणी गावी गेला, कुणी आजारी पडला, तर त्या दिवसाचा खाडा. खाडे भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलने फुलीने मांडलेले असत आणि महिनाअखेर तेवढे पैसे वजा होत. सांगून गेला तर खाडा धरायचा, न सांगता गेला तर नाही, असा कायदा होता. पण न सांगता गेलेला माणूस तोंड उतरवून परत आला, तर आई गुपचूप फुली मारायची.

म्हणजे आधी विश्वास टाकायची स्वयंपाक करणारी. तांदूळ-डाळ वाण्याकडून उधार आणायची, रांधायची, वाढायची आणि महिनाभर वाट पाहायची. गिरणगावातल्या अशा बायका वाण्याच्या नि सावकाराच्या तावडीतून सुटाव्यात म्हणून तर प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आमचे आठ मेंबर घरी बसले म्हणजे आमच्याच घरी बसले. आईने भाताचे पिठले-भाकरीवर आणले, पण ताट बंद केले नाही. हळूहळू एकेक जण गावाकडे निघाला. जाताना प्रत्येक जण म्हणाला, "वहिनी, पाठवून देतो." दोघांनी पुढे मनीऑर्डरी पाठवल्या. बाकीच्यांची आई अजून वाट पाहते आहे की नाही, हे मी कधी विचारले नाही. वाण्याचे देणे तिच्या पाटल्यांनी फिटले आणि आम्ही स्वस्तातली जागा बघत भाईंदरला आलो.

अशा बाईला 'भात दिसायच्या आधी पैसे' हा प्रकार समजावून सांगणे माझ्या शक्तीबाहेरचे होते. मी म्हणालो, "आई, चारशे वीस वाचतायत." ती म्हणाली, "बरं."

योगायोग असा, की त्याच आठवड्यात न्यू जर्सीच्या भाचीचा फोन आला. तीही याच विवंचनेत होती. ती निघाली होती फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला. तिथे ही योजना २००५ साली निघाली, २०२० साली महामारीत बंद पडली आणि जानेवारी २०२४ पासून पुन्हा चालू झाली. मुक्कामाच्या जितक्या रात्री, तितक्या दिवसांच्या जेवणांची आणि खाऊची पुंजी आधी पैसे भरून खात्यावर जमा करायची आणि मग एकेक खर्चत जायची.

"मामा, मी आलेखसुद्धा काढलाय," ती म्हणाली. माझी छाती अभिमानाने फुगली. शिक्षण वाया गेले नाही.

तिच्या अभ्यासातून जे निघाले ते आपल्यालाही उपयोगी आहे. तिथे एका जेवणाला एक कुपन. मग तुम्ही सगळ्यांत महाग मांसाचा तुकडा मागवा नाहीतर पालेभाजी, कुपन एकच. त्यामुळे ज्याला साधे खायचे आहे तोही पोटावर हात ठेवून महागातले मागवतो. भाची पडली शाकाहारी. म्हणजे तिने भरलेल्या पैशांतून शेजारच्या टेबलावरचा माणूस मटण खाणार. शिवाय वाढप्याची बक्षिसी त्यात धरलेली नसते. आणि मुख्य म्हणजे, मुक्काम हलवायच्या दिवशी रात्री बारा वाजता उरलेली सगळी कुपने मरतात. शेवटच्या संध्याकाळी मग माणसे दुकानांतून चॉकलेटे आणि बिस्किटे गोळा करीत फिरतात, आचारसंहिता लागायच्या आदल्या दिवशी मंत्री भूमिपूजने करीत फिरतात तशी.

"म्हणजे खाडा नाही," आई मागून म्हणाली.

आमचा दिवस उजाडला. नाश्ता दहा ते अकरा. आम्ही घरातून वेळेवर निघालो, हे मी शपथेवर सांगतो. पण काशीमिऱ्याच्या पुढे घोडबंदरचा रस्ता हायवेला मिळतो, तिथे मोटारी वेळेवर निघालेल्या नव्हत्या. पोहोचलो तेव्हा अकरा वीस झाले होते. नाश्त्याची टेबले पुसून ठेवली होती. सौ.च्या वहीत फायद्याच्या जागी तीनशेचा तोटा आला.

आई सरळ खिडकीवरच्या मुलाकडे गेली. "बाळ, सहा माणसांचा नाश्ता राहिला. खाडा धर."

"काय धरू आजी?"

तिने त्याला समजावले. मुलगा गुणी होता. त्याने संगणकावर खरोखरच शोधून पाहिले आणि ओशाळून म्हणाला, "आजी, सिस्टममध्ये खाडा नाही."

झालेली तूट दुपारी भरून काढायची, असा ठराव झाला. इथून पुढे मी जेवलो नाही, मी वसुली केली. पुलाव घेतला, नूडल्स घेतल्या, पनीरच्या दोन भाज्या घेतल्या, सहसा ज्याच्या वाटेला जात नाही ते सॅलड घेतले आणि जिलब्या मोजून सात घेतल्या. आजूबाजूला सगळे हेच करीत होते. ताटे अशी रचलेली, की खालचा पापड वरच्या गुलाबजामला ओळखत नव्हता. निम्मे अन्न टाकले जात होते. आई एकेका परत जाणाऱ्या ताटाकडे बघत होती. तिने स्वतः डाळभात घेतला, एक घास खाल्ला आणि "फोडणी वरून घातलीय" एवढाच अभिप्राय दिला. मग आइस्क्रीमपाशी जाऊन तिने सवयीने विचारले, "याचे वेगळे केवढे?"

"तुमच्यातच आहे आजी," वाढणारा म्हणाला.

आई क्षणभर घुटमळली. मग तिने एक घेतले, संपवले आणि उठून आणखी एक आणले. बाहेर गेल्यावर भाव न विचारता आईने काही खाल्लेले मी आयुष्यात प्रथम पाहिले.

वसुलीचा परिणाम असा झाला, की चार वाजेपर्यंत मला पाण्यात उतरता आले नाही. झाडाखाली आडवा पडून मी घसरगुंड्यांवरून किंचाळत येणारी हलकी माणसे बघत राहिलो. म्हणजे प्रवेशाचे तिकीटही जेवणाने खाल्ले. ही रक्कम सौ.च्या वहीत नाही. संध्याकाळी सून आणि नातू लाटांच्या तलावात असताना चहाची वेळ होऊन गेली. आणखी दोनशे गेले. एकूण तोटा पाचशे.

आता निष्कर्ष. योजना वाईट नाही. ती आपल्यासाठी रचलेली नाही, इतकेच. उद्यानाला पैसे आधी मिळतात, तांदूळ किती शिजवायचा ते आधी कळते आणि न खाल्लेल्या वड्याइतका स्वस्त वडा दुसरा नसतो. ज्यांच्या घरी सोळा-सतरा वर्षांचे दोन मुलगे आहेत, जे दार उघडायच्या आत दारात उभे असतात आणि ज्यांना घड्याळाप्रमाणे भूक लागते, त्यांनी डोळे मिटून जेवण धरावे. ज्यांच्याबरोबर लहान मूल आहे, शाकाहारी थोडे खाणारी माणसे आहेत किंवा ज्यांच्या वाटेत काशीमिरा आहे, त्यांनी सोडावे आणि भूक लागेल तेव्हा सुटे पैसे मोजून खावे. हिशेब करताना थाळीच्या किमतीची बेरीज करू नये. आपण किती वाजता कुठे असू, याचा अंदाज करावा. फायदा फक्त सगळे जेवणाऱ्याला आहे, आणि सहलीत सगळे जेवणारा माणूस सहलीला आलेला नसतो. योजनेच्या बाजूने एकच गोष्ट नमूद करतो. आईची दोन आइस्क्रीमे. ती कुठल्या रकान्यात लिहावी, हे मला ठरवता आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौ. पाचशे रुपये चाट बसली म्हणून चौथ्यांदा हळहळत होती. आईने विचारले, "कुणाकुणाचं राहिलं?"

"सहा जणांचा नाश्ता आणि दोघांचा चहा," सौ. म्हणाली.

आई उठली. पेन्सिल घेऊन तिने भिंतीवरच्या कालनिर्णयावर कालच्या तारखेच्या चौकोनात दाटीवाटीने आठ फुल्या मारल्या. मी म्हणालो, "आई, ते पैसे आता नाही मिळायचे."

"असू दे मांडलेलं," ती चष्मा सारखा करीत म्हणाली. "तेव्हाही आठच होते. दोघांनी दिले की नाही?"