तेलाचा डाग, निळा रंग आणि कुबेल्का-मुंक

वाशी स्टेशनबाहेर वडापाव ज्या कागदात मिळतो, तो खाऊन झाल्यावर उजेडात धरून बघा. तेल लागलंय तिथून पलीकडचं दिसतं. कागद पांढरा दिसतो, कारण तंतू आणि मधली हवा यांच्या सीमांवर प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो. तेलाचा अपवर्तनांक सुमारे 1.47, सेल्युलोजचा 1.5 च्या थोडा वर. हवेच्या जागी तेल गेलं की सीमा पुसट होतात आणि विखुरणं घटतं.

कुबेल्का आणि मुंक यांनी 1931 मध्ये रंगलेपांसाठी मांडलेला सिद्धांत हे सगळं दोन गुणांकांत बसवतो: शोषणाचा के, विखुरण्याचा एस. थरात प्रकाशाचे प्रवाह दोनच, एक खाली जाणारा, एक वर येणारा. कागदांच्या जाड गठ्ठ्याचं परावर्तन आर असेल, तर के/एस = (1 − आर)²/(2 आर). कागद, कापड, रंग, सगळीकडच्या प्रबंधांत हे सूत्र सर्रास सापडतं.

तेलाच्या डागाला ते छान लागू पडतं: एस घटला, के जवळपास तोच. आता लगद्यात निळा रंग मिसळा. तंतू तेच, हवा तीच, म्हणजे एस बदलायला नको. पण मोजमापांवरून काढलेला एस, रंग जिथे जोरात शोषतो त्याच तरंगलांबींना घसरलेला निघतो! कारण मॉडेलच्या गृहीतकात आहे. आतला प्रकाश सर्व दिशांना सारखा पसरलाय असं ते धरतं. प्रत्यक्षात तिरके किरण लांबचा रस्ता कापतात, म्हणून तेच जास्त शोषले जातात. उरलेला प्रकाश सरळ जाणाऱ्यांचा. मग दर खोलीमागे विखुरणंही कमी भरतं. थोडक्यात, हा एस एकट्या कागदाचा गुणधर्म नाही.

सूत्राचा दुसरा दोष मला जास्त खटकतो: ते कधी तक्रारच करत नाही. झेरॉक्सच्या कागदातली चमक आणणारी द्रव्यं अतिनील प्रकाश घेऊन निळा सोडतात, त्यामुळे तिथे मोजलेला आर 1 च्या वरही जातो. 1.05 घालून बघा. वर्गामुळे उत्तर धन येतं, 0.0012, अगदी सभ्य दिसणारं. आणि आर 0.90 ऐवजी 0.89 मोजला गेला, तर के/एस 0.0056 वरून 0.0068 होतो. एका टक्क्याच्या चुकीचे वीसवर टक्के!

म्हणून मॉडेल फेकून द्यायचं का? नाही. रोजची छटा जुळवायला ते झटपट आणि पुरेसं आहे. पण गडद रंगाच्या कागदात एस का घटला याचं भौतिक स्पष्टीकरण लिहायला बसाल, तर आधी दिशानिहाय हिशेब ठेवणारं प्रारण-वहनाचं समीकरण सोडवून बघा. चंद्रशेखर यांनी ताऱ्यांच्या वातावरणासाठी मांडलेली त्याची रीत 1950 च्या त्यांच्या ग्रंथात आहे. शिवाय गठ्ठ्यावरून फक्त गुणोत्तर मिळतं. के आणि एस वेगळे हवे असतील, तर काळ्या पाठीवर ठेवलेल्या एकाच पानाचंही परावर्तन मोजावं लागतं. प्रबंधात के/एसच्या आलेखाशेजारी हे दोन्ही कच्चे आलेख द्या. परीक्षक आधी तेच मागतील.