'पोग' : शांतीचे चुंबन

आयरिश भाषेत चुंबनाला 'पोग' म्हणतात. हे नाम लॅटिन 'पाक्स' म्हणजे शांती या शब्दापासून आले, असे सांगून भागत नाही. शांतीसाठी आयरिशजवळ स्वतःचा शब्द होताच. उसना घेतला गेला तो मिस्साबलिदानातील शांतिचुंबनाचे नाव म्हणून. कृती टिकली, शांती हा अर्थ मागे राहिला.

शब्द आला तोही प्रथमेच्या रूपाने नव्हे, तर 'पाकेम' या द्वितीयेच्या रूपातून. सेमिनरीत आम्ही 'पाचेम' म्हणत असू. ब्रिटनमधील लॅटिनात मात्र 'क' कायम होता. तिथेच दीर्घ 'आ' 'ओ'कडे झुकला आणि स्वरानंतरचा 'क' मृदू झाला. जुन्या आयरिश लेखनात 'पोक' दिसते, पण उच्चार तेव्हाही 'पोग'च.

उसना शब्द भाषेत कायम परका राहतो, असे आपल्याकडील शुद्धिवादी हिरिरीने मांडतात. मला ते पटत नाही, आणि 'पोग' हा माझा साक्षीदार आहे. प्राचीन आयरिशमध्ये 'प' हा ध्वनीच उरला नव्हता; लॅटिन 'पातेर'चा भाऊबंद तिथे 'अहिर' आहे. म्हणूनच आधी आलेल्या 'पास्का'चे 'काश्क' झाले. 'पोग'च्या वेळी 'प' जसाच्या तसा स्वीकारला गेला. (या उसनवारीचे दोन स्वतंत्र थर मानण्याची जुनी पद्धत डेमियन मॅकमॅनस यांनी १९८३ साली खोडून काढली, प्रक्रिया सलग होती, हे त्यांचे म्हणणे मला अधिक सयुक्तिक वाटते.)

पण स्वीकारून भाषा थांबली नाही. 'पाक्स'प्रमाणे 'पोग'ही स्त्रीलिंगी. तिला दुसऱ्या गणात बसवले. निश्चित उपपद लागताच आद्य 'प'चा 'फ' होतो : 'अन फोग'. षष्ठीच्या एकवचनात 'ना पोग्ये', अनेकवचनात 'ना बोग'. ज्या ध्वनीला घरात जागा नव्हती, त्यालाही घरचेच विकार लागू झाले. याहून अधिक आपलेपण ते कोणते?

वेदीपाशी जन्मलेला हा शब्द आज एका असभ्य शिवीतही आढळतो. १९८२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या एका वाद्यवृंदाने आपले नाव तिच्यावरूनच घेतले. कुणी याला शब्दाचे अधःपतन म्हणेल. परंतु आई लेकराचे घेते तीही 'पोग'च. आणि आयरिश बायबलात, लूककृत शुभवर्तमानाच्या २२व्या अध्यायात, यहूदा ज्या खुणेने प्रभूला धरून देतो, तिच्यासाठीही शब्द हाच आहे.