विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्रालय : इतिहास, जबाबदाऱ्या आणि उत्तरदायित्व – एक चिकित्सा

प्रस्तावना :

स्वातंत्र्योत्तर भारताच्या उभारणीत विज्ञानाला मानाचे स्थान देण्यात आले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. नागरिकाकडून अशी अपेक्षा बाळगणाऱ्या शासनाने विज्ञानाविषयीचे आपले कर्तव्य कोणत्या यंत्रणेमार्फत पार पाडले, हा प्रश्न त्यामुळे क्रमप्राप्त ठरतो. केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्रालय ही त्यातील एक प्रमुख यंत्रणा होय. या मंत्रालयाविषयीचे बहुतेक लेखन संस्था आणि योजना यांच्या नामावलीपाशी थांबते. प्रस्तुत लेखात त्याच्या घडणीचा मागोवा घेऊन त्याच्यावर सोपविलेल्या जबाबदाऱ्या आणि प्रत्यक्ष उत्तरदायित्व यांतील अंतर तपासले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची स्थापना १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या गरजांतून झाली. डॉ. शांतिस्वरूप भटनागर हे तिचे पहिले महासंचालक. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंनी वैज्ञानिक संशोधनाचे खाते स्वतःकडे ठेवले. जानेवारी १९५० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन त्यांच्याच हस्ते झाले. १९५१ मध्ये नैसर्गिक साधनसंपत्ती व वैज्ञानिक संशोधन मंत्रालय अस्तित्वात आले आणि १९५८ मध्ये वैज्ञानिक संशोधन व सांस्कृतिक कार्य अशी जोडणी होऊन हुमायून कबीर त्याचे मंत्री झाले. विज्ञान कधी खनिजसंपत्तीशेजारी, तर कधी संस्कृतीशेजारी ठेवले गेले. त्याचे प्रशासकीय घर कोणते, याविषयी शासनाच्याच मनात निश्चिती नव्हती, हे या नामांतरांवरून दिसते.

मे १९७१ मध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग स्थापन झाला. पुढे १९८५ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग आणि १९८६ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग निर्माण झाला. या तीन विभागांचे मिळून आजचे मंत्रालय बनले आहे. तथापि देशातील विज्ञानाचा मोठा भाग त्याच्या कक्षेबाहेरच वाढला. अणुऊर्जा विभाग (१९५४) आणि अवकाश विभाग (१९७२) थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत राहिले. संरक्षण संशोधन संरक्षण मंत्रालयाकडे, कृषिसंशोधन कृषी मंत्रालयाकडे आणि वैद्यकीय संशोधन आरोग्य मंत्रालयाकडे राहिले. २००६ मध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालय स्वतंत्र झाले आणि हवामान विभागही तिकडे गेला. नावाने संपूर्ण विज्ञानाचे असलेले हे मंत्रालय व्यवहारात त्याच्या एका भागाचेच राहिले.

जबाबदाऱ्यांचे स्वरूप :

भारत सरकारच्या १९६१ च्या कामकाज वाटप नियमांत या विभागांची कामे नमूद आहेत. धोरणांची आखणी, नव्या संशोधनक्षेत्रांना चालना, संस्थांना अनुदान, अनेक विभागांचा संबंध असलेल्या विषयांत समन्वय आणि राज्यपातळीवरील विज्ञानकार्यास साहाय्य, ही त्यांतील प्रमुख होत. १७६७ पासूनची परंपरा असलेले भारतीय सर्वेक्षण खातेही विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाकडेच आहे. स्थूलमानाने पाहता ही कामे धोरण, समन्वय आणि अर्थसाहाय्य अशा तीन गटांत मांडता येतात.

धोरण : आकड्यांचे भवितव्य

४ मार्च १९५८ चा विज्ञानधोरण ठराव हा निष्ठेचा उच्चार होता. विज्ञानाची जोपासना आणि त्याचे लाभ जनतेपर्यंत पोहोचविणे ही ध्येये त्यात होती. आर्थिक लक्ष्य नव्हते. १९८३ च्या तंत्रज्ञान धोरणाने स्वावलंबनावर भर दिला. २००३ च्या धोरणाने मात्र मोजता येईल असे वचन दिले. दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीपर्यंत, म्हणजे २००७ पर्यंत, संशोधन व विकासावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या किमान दोन टक्क्यांपर्यंत नेण्याचे ते वचन होते. खर्च एक टक्क्याच्या आतच राहिला. २०१३ च्या धोरणात तेच दोन टक्के पुन्हा आले. खासगी क्षेत्राने आपला वाटा सरकारी वाट्याइतका वाढविल्यास पाच वर्षांत हे शक्य आहे, असे त्यात म्हटले होते. मंत्रालयाच्याच आकडेवारीनुसार २०२०-२१ मध्ये हे प्रमाण ०.६४ टक्के होते.

या संदर्भात त्याच मंत्रालयाच्या इतिहासातील एक उदाहरण उद्‌बोधक आहे. डॉ. वसंत गोवारीकर १९८६ ते १९९१ या काळात विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव होते. त्यांच्या पुढाकाराने तयार झालेले सोळा घटकांचे मान्सून अंदाजाचे प्रतिमान १९८८ पासून वापरात आले. त्यानंतर अनेक वर्षे देशात पावसाळा सर्वसाधारण राहिला आणि प्रतिमानाची प्रतिष्ठा वाढली. २००२ मध्ये मात्र सर्वसाधारण पावसाचा अंदाज असताना पाऊस सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी कमी पडला. ते अपयश लपविता येण्यासारखे नव्हते, कारण अंदाज जाहीर होता आणि पाऊस सर्वांच्या शेतात पडायचा होता. २००३ मध्ये नवी प्रतिमाने स्वीकारण्यात आली.

पावसाचा अंदाज चुकला, तेव्हा प्रतिमान बदलले. धोरणाचा अंदाज चुकला, तेव्हा तोच आकडा नव्या धोरणात पुन्हा लिहिला गेला. वैज्ञानिक पद्धती मंत्रालयाच्या प्रयोगशाळांत रुजली, ती त्याच्या धोरणप्रक्रियेत रुजली नाही, असा निष्कर्ष येथे अपरिहार्य ठरतो. लक्ष्य का गाठले गेले नाही, याची कारणमीमांसा पुढील धोरणाचा पाया व्हायला हवी होती.

समन्वय : अधिकाराविना कर्तव्य

समन्वयाची जबाबदारी नियमांत असली, तरी ज्यांच्यात समन्वय साधायचा ते विभाग अधिक मोठ्या निधीचे आणि अधिक सत्तासन्निध होते. १९९९ मध्ये प्रधान वैज्ञानिक सल्लागाराचे पद निर्माण झाले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम त्यावर नियुक्त झालेले पहिले शास्त्रज्ञ. हे पद उपयुक्त होते. परंतु त्यामुळे समन्वयाचे एक केंद्र मंत्रालयाबाहेर उभे राहिले. जबाबदारी वाटली गेली की उत्तरदायित्वही विरळ होते, हा प्रशासनातील सर्वपरिचित अनुभव येथेही लागू पडतो.

मंत्रालयाच्या जमेची बाजू नाकारणे अन्यायाचे ठरेल. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणधर्मावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करविले. पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाची कल्पना याच अनुभवातून पुढे आली. जेथे जबाबदारी एका संस्थेकडे आणि प्रश्न नेमका होता, तेथे यंत्रणा समर्थ ठरली.

अर्थसाहाय्य : विद्यापीठे आणि महाविद्यालये

सर्वांत जुना वाद संशोधनाच्या स्थानाविषयीचा आहे. संशोधन राष्ट्रीय प्रयोगशाळांत करावे की विद्यापीठांत, या प्रश्नावर डॉ. मेघनाद साहा यांनी विद्यापीठांची बाजू आग्रहाने मांडली होती; १९५२ पासून लोकसभेचे सदस्य म्हणूनही त्यांनी शासनाच्या अणुऊर्जा धोरणावर टीका केली. प्रयोगशाळांच्या समर्थकांचा युक्तिवादही दुर्बल नव्हता. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वीसच्या आसपास विद्यापीठे होती, त्यांची साधने तुटपुंजी होती आणि औद्योगिकीकरण थांबून राहू शकत नव्हते. परंतु तातडीचा उपाय म्हणून पत्करलेली व्यवस्था पुढे कायमची झाली. २०२०-२१ मध्ये देशाच्या एकूण संशोधनखर्चात उच्च शिक्षणक्षेत्राचा वाटा ९ टक्क्यांहूनही कमी होता. संशोधक जेथे घडतो, तेथे संशोधनाचा पैसा पोहोचत नाही, हा या व्यवस्थेचा मूलभूत दोष होय.

२००० मध्ये सुरू झालेली ‘फिस्ट’ ही पायाभूत सुविधांची योजना, २००८ मधील ‘इन्स्पायर’ आणि जैवतंत्रज्ञान विभागाची ‘स्टार कॉलेज’ योजना यांनी ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. मात्र चाळीस हजारांहून अधिक महाविद्यालयांच्या देशात हे लाभ प्राधान्याने आधीच सक्षम असलेल्या विभागांनाच मिळणे स्वाभाविक आहे, कारण प्रस्ताव लिहिण्यासाठीही किमान संशोधन-पार्श्वभूमी लागते. तालुक्याच्या ठिकाणी पदवीचे भौतिकशास्त्र शिकविणारा प्राध्यापक आणि मंत्रालय यांच्यात संबंध उरतो तो बहुधा परिपत्रकापुरता.

२०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने २००८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची जागा घेतली. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांसाठी ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज मांडताना विद्यापीठे व महाविद्यालयांत संशोधनसंस्कृती रुजविणे हे तिचे घोषित उद्दिष्ट आहे. साहा यांचा मुद्दा सात दशकांनी कायद्याच्या भाषेत आला, असे म्हणता येईल. परंतु या रकमेचा मोठा हिस्सा शासनाबाहेरील स्रोतांतून यावयाचा आहे, आणि २०१३ च्या धोरणाचा पाय याच गृहीतकावर घसरला होता. १ जुलै २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केलेली एक लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास व नवोन्मेष योजना मुख्यतः खासगी क्षेत्रासाठी आहे. तिचे मूल्यमापन मंजूर रकमेवरून न करता प्रत्यक्ष झालेल्या संशोधनावरूनच करावे लागेल.

समारोप :

या मंत्रालयाच्या इतिहासात ध्येयांची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती ध्येयांचा हिशेब देण्याच्या प्रथेची. प्रत्येक धोरणाबरोबर मागील धोरणाच्या फलनिष्पत्तीचा अहवाल संसदेपुढे मांडणे आणि अनुदानातील महाविद्यालयांचा वाटा दरवर्षी स्वतंत्रपणे प्रसिद्ध करणे, या दोन साध्या गोष्टींनीही पुष्कळ फरक पडू शकेल. आपला अंदाज चुकला हे मान्य करून प्रतिमान बदलण्याचे धैर्य याच मंत्रालयाच्या छत्राखालील हवामानशास्त्रज्ञांनी एकदा दाखविले आहे. विज्ञानाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने विज्ञानाची कसोटी स्वतःलाही लावावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.