शनवार तेली

येथे बंगळूरात आमच्या वाचकमंडळीत कोकणावरील एका लेखाची चर्चा चालली असता ‘शनवार तेली’ या शब्दाशी सारे अडले. शनिदेवाला तेल वाहणारी ती ज्ञाती, असा खुलासा एका व्युत्पन्न स्नेह्यांनी केला आणि तो बहुतेकांस पटलाही. शनि आणि तेल यांचे नाते आपल्या इतके अंगवळणी पडलेले आहे!

वस्तुतः हा शब्द अलिबाग-पेणकडच्या बेने इस्राएल समाजाचा, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचा आहे. त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी तो घाणा बंद राही. यहुदी धर्माज्ञेत विश्रांतीच्या दिवशी गुरांनाही कामास लावण्याची मनाई असल्यामुळे बैलही मोकळा. शेजारचे हिंदू तेली सोमवार पाळीत, ते सोमवार तेली. हे शनवार तेली. शेजाऱ्याने धर्मग्रंथ पाहिला नव्हता. त्याने उभा घाणा पाहिला आणि नाव ठेवले.

दुसरा एक तर्क शनि आणि ‘शब्बाथ’ यांचे मूळ एकच मानतो. तोही आम्हांस मान्य नाही. ‘शब्बाथ’ हा हिब्रू शब्द ‘थांबणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. आपला शनि हा शनैश्चर, सावकाश चालणारा. हिब्रूत शनिग्रहाला ‘शब्बताई’ म्हणतात खरे, पण तेथे वारावरून ग्रहाला नाव मिळाले, आपल्याकडे ग्रहावरून वाराला. एवढा उलटा प्रवास असताना केवळ ‘श’कारावर भिस्त ठेवणे धाडसाचे होय.

या समाजाने स्वतःस मात्र ‘बेने इस्राएल’, म्हणजे इस्राएलची लेकरे, असेच म्हटले. ‘तेली’ हे लोकांनी दिलेले नाव, आणि त्यात हिणवणीचा सूर मिसळल्यावर ते त्यांस रुचेना, यात नवल नाही. तरीही, त्यांचे व्रत आपल्या भाषेत नोंदले गेले ते याच नावात, असे आम्हांस वाटते.

पुढे घाणा सुटला. मुंबईस येऊन त्यांतले कित्येक आमच्यासारखेच सरकारी कारकून झाले, आणि कचेरी शनिवारी उघडी असे. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना शनिवारची सुट्टी मिळाली ती १९८५ साली. तोवर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलास निघून गेली होती.